यादी सगळ्यांची, कार्ट एकाचं: ग्रुप ट्रिपची ऑनलाइन खरेदी कशी करावी

डिसेंबरात हरिश्चंद्रगडाला जायचं ठरलं की आमच्या ग्रुपवर एकाच संध्याकाळी दोन गोष्टी सुरू होतात. टेम्पो ट्रॅव्हलरची चौकशी आणि 'मला पण एक'. कोणीतरी हेडटॉर्चची लिंक टाकतं, खाली आठ जण 'मला पण' म्हणतात. मग एकजण विचारतो, चार्जिंगची की सेलची? दुसरी विचारते, निळी आहे का? तेवढ्यात जेवणाचा विषय निघतो आणि हेडटॉर्च वर कुठेतरी गडप होते. निघायच्या आदल्या दिवशी कळतं की दोघांनी दोरी मागवली आहे, चहाची पातेली तीन झाली आहेत आणि झोपायला अंथरायची कॅरीमॅट कोणीच मागवलेली नाही.

पुण्यात नवीन आलेल्या, पहिल्यांदाच दहा-बारा जणांची ट्रिप जमवणाऱ्या मुलामुलींना मी हे बऱ्याचदा समजावून सांगते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे. सगळ्याचं मूळ एकच आहे: यादी सगळ्यांची असावी, कार्ट मात्र एकाचंच.

आधी हे करू नका: लॉगिन वाटणं

'कार्ट शेअर करू' म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिली येते ती हीच कल्पना. एकाने आपला नंबर आणि ओटीपी द्यायचा, सगळ्यांनी त्याच खात्यात शिरून आपापल्या वस्तू टाकायच्या. करू नका. त्या खात्यात तुमच्या घरचा पत्ता असतो, गावाकडचा पत्ता असतो, कार्ड सेव्ह केलेलं असतं, गेल्या पाच वर्षांत काय काय मागवलं ते सगळं असतं. शिवाय ओटीपी ग्रुपवर टाकायची सवय लागते, आणि ती एकदा लागली की उद्या कोणी अनोळखी माणसाने गोड बोलून मागितला तरी हात अडखळत नाही.

समजा तुमचा सगळ्यांवर विश्वास आहे. तरी घोळ होतोच, कारण कार्टमधल्या वस्तूवर कोणाचं नाव नसतं. हडपसरहून एकाने टाकलेली कानटोपी कोथरूडमधली दुसरी जादा समजून काढून टाकते. आणि ग्रुपमधल्या कोणाचंही बोट चुकून 'प्लेस ऑर्डर'वर पडू शकतं.

काही ठिकाणी एकत्र खरेदीची सोय मुळातच आहे, ती जरूर वापरा. झोमॅटोने ऑगस्ट २०२४ मध्ये ग्रुप ऑर्डर सुरू केली. लिंक पाठवायची, प्रत्येकाने आपापल्या फोनवरून आपला पदार्थ टाकायचा, ऑर्डर एकाने द्यायची. निघायच्या रात्री सगळे एकाच घरी जमणार असाल तर जेवण असं मागवणं सोपं पडतं. अ‍ॅमेझॉनवर यादी करून इतरांना बोलावता येतं आणि त्यांना नुसतं बघता यावं की बदलही करता यावेत, ते ठरवता येतं. पण ती यादी एकाच दुकानापुरती. ट्रिपचं सामान चार ठिकाणांहून येतं, म्हणून मी पुढची पद्धत वापरते.

पायरी १: खरेदी कोण करणार ते ठरवा

ट्रिपचा म्होरक्या आणि खरेदी करणारा एकच असला पाहिजे असं नाही. उलट नसलेलाच बरा, त्याच्या मागे गाडी आणि मुक्काम असतो. खरेदीसाठी असा माणूस निवडा जो पुढचे पंधरा दिवस पुण्यातच आहे आणि ज्याच्या घरी दिवसा कोणीतरी असतं किंवा ज्याच्या सोसायटीत वॉचमन पार्सल नीट ठेवून घेतो. पीजीत राहणाऱ्याच्या पत्त्यावर बारा जणांचं सामान मागवणं म्हणजे रिसेप्शनच्या खुर्चीखाली ते शोधत बसणं.

हिशेब दुसऱ्याकडे द्या. ज्याच्या खात्यातून पैसे जातात त्यालाच वसुलीही करावी लागली की तो मागायला संकोचतो, आणि शेवटी स्वतःच्या खिशातून भरतो. आपल्याकडे मैत्रीत पैसे मागणं अवघड जातं, हे धरूनच चाला.

पायरी २: यादी शीटमध्ये, गप्पा ग्रुपवर

गूगल शीट काढा. लिंक ग्रुपमध्ये पिन करा. बदल करायची परवानगी सदस्यांच्या ईमेललाच द्या. 'लिंक असेल त्या कोणालाही' हा पर्याय निवडू नका आणि शीटमध्ये कोणाचा पत्ता किंवा नंबर लिहू नका.

रकाने एवढे पुरतात: वस्तू, लिंक, साइज किंवा रंग, किती, कोणासाठी, प्रकार, आणि 'नसेल तर?'. हा शेवटचा रकाना माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. रात्री अकरा वाजता ऑर्डर देताना करडा थर्मल एल साइजमध्ये संपलेला दिसतो. त्या वेळी ज्याचा तो आहे तो झोपलेला असतो. 'काळा चालेल, एक्सएल चालेल, सातशेच्या वर नको' असं त्याने आधीच लिहून ठेवलेलं असेल तर खरेदी करणारा निश्चिंत. 'कोणताही चालेल' हे उत्तर मी मान्य करत नाही. कोणताही चालेल म्हणणाऱ्यालाच आलेला रंग हमखास चालत नाही.

लिंक दुकानाच्या अ‍ॅपमधल्या शेअरच्या बटणानेच टाका. 'ग्रुप ऑफर, आजच घ्या' म्हणून फिरत आलेली लिंक शीटमध्ये घेऊ नका, तिच्या टोकाला दुकानच असेल याची खात्री नसते.

आणि मुदत ठेवा. आमच्याकडे बुधवारी रात्री नऊ वाजता शीट बंद होते. त्यानंतर आठवलं तर ज्याचं त्याने बघायचं.

पायरी ३: तीन प्रकार वेगळे करा

सगळ्यात जास्त रुसवेफुगवे इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

पहिला प्रकार सरळ टीटीएमएमचा, तुझं तू माझं मी. हेडटॉर्च, कानटोपी, मोजे. ज्याची वस्तू त्याचे पैसे.

दुसरा सामाईक, म्हणजे ट्रिपमध्येच संपणारा. चहा-साखर, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, ओआरएस, बँडेज, कचऱ्याच्या पिशव्या. याची काँट्री, म्हणजे वर्गणी, सारखी वाटायची. एखादा चहा पीत नसला तरी फाटे फोडू नका. पण कोणी एकाच दिवसापुरता येऊन परत जाणार असेल तर त्याच्याकडून निम्मेच घ्या.

तिसरा प्रकार लोक विसरतात. ट्रिप संपल्यावरही उरणाऱ्या वस्तू: तंबू, ताडपत्री, दोरी, मोठं पातेलं, स्टोव्ह. अकरा जणांनी पैसे घातलेला तंबू परत आल्यावर कोणाचा? हे खरेदीच्या आधी ठरलं पाहिजे. दोनच रस्ते आहेत. एक तर ज्याला पुढेही वापरायचा आहे त्याने पूर्ण पैसे भरून तो स्वतःचा करावा आणि ट्रिपला आणावा. नाहीतर सगळ्यांनी भरून तो ग्रुपचा करावा, आणि पुढे कोणी ग्रुप सोडला तरी त्याचा वाटा परत मागायचा नाही असं आधीच बोलून घ्यावं. एकदा आम्ही हे न बोलता तंबू घेतला. पुढच्या वर्षी दोन मित्र एकमेकांशी महिनाभर बोलत नव्हते. तंबूची किंमत त्या मैत्रीपुढे काहीच नव्हती.

प्रवास कशाने आहे तेही याच पायरीवर बघून घ्या. रेल्वेने जाणार असाल तर स्टोव्हचा गॅस यादीत घेऊच नका, रेल्वेत ज्वालाग्राही गॅस न्यायला बंदी आहे. विमानातही तो चालत नाही. विमानात पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवावी लागते आणि साधारण मर्यादा १०० वॅट-अवरची. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-अवर भरते, म्हणजे मर्यादेत बसते.

पायरी ४: ऑनलाइन काय घ्यायचं नाही

बूट घेऊ नका. दुकानात जा, संध्याकाळी जा, ट्रेकला घालणार तेच मोजे घालून बघा. पाय दिवसभरात थोडे सुजलेले असतात आणि गड उतरताना अंगठा पुढे आपटतो, ही दोन्ही मापं स्क्रीनवर मिळत नाहीत. आणि घेतलेले बूट तसेच गडावर नेऊ नका, आधी दोनतीनदा सिंहगड किंवा वेताळ टेकडी करून या.

दोरी आणि ताडपत्री बोहरी आळीत मिळते, हातात घेऊन जाडी बघता येते, हवी तेवढी मोजून घेता येते. सुकामेवा आणि किराणा जास्त लागणार असेल तर मार्केट यार्ड किंवा रविवार पेठ. दोघांनी शनिवारी सकाळी एक चक्कर मारली की काम होतं.

खाण्याच्या पाकिटांबद्दल मनापासून सांगते. पाचनईच्या बाजूने हरिश्चंद्रगडावर जाताना गावातले लोक पिठलं-भाकरी करून देतात, वर गुहांपाशीही जेवणाची सोय होते. डोंगरातल्या घरांना त्या पैशांचा मोठा आधार असतो. कार्टमध्ये नूडल्सची तीस पाकिटं भरण्याआधी तिथे एक फोन करा. पाठीवरचं ओझं कमी होईल आणि गडावर प्लॅस्टिकही कमी राहील.

पायरी ५: कार्ट भरणं

आता एकट्या खरेदीदाराने बसायचं. तासभर लागतो, घाईत करू नका.

सगळ्यात आधी पत्ता निवडा. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांचा माल जवळच्या गोदामातून येतो, त्यामुळे कोथरूडच्या पत्त्यावर दिसणारी वस्तू हडपसरच्या पत्त्यावर दिसेलच असं नाही. पत्ता बदलला की भरलेलं कार्टही बदलू शकतं. ग्रुपवर कोणी 'मला तर दिसतंय' म्हणालं की आधी त्याचा पत्ता विचारा.

मग संख्या. इथे एक चूक सारखी होते. वस्तू दोनच्या पॅकमध्ये असते आणि आपण अकरा टाकतो, घरी बावीस येतात. शीटमधली संख्या वस्तूंची आहे की पॅकची, ते प्रत्येक ओळीला बघा. एकाच चिक्कीची दोन पाकिटं तुलनेला असतील तर १०० ग्रॅमला किती पडते ते काढा. मोठं पाकीट स्वस्त असतंच असं नाही.

प्रत्येक वस्तूखाली विक्रेता कोण आणि परत करण्याची मुदत किती, ते वाचा आणि शीटमध्ये लिहा. ही मुदत पुढे लागणार आहे.

पैसे भरण्याच्या पानावर पोचलात की कार्ट वरपासून खालपर्यंत परत वाचा. आपण न टाकलेला विमा, देणगी किंवा सदस्यत्व तिथे शिरलेलं असू शकतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा फसव्या युक्त्यांचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली आहे. ग्राहकाच्या संमतीशिवाय कार्टमध्ये वस्तू घुसवणं हा त्यातलाच एक, 'शेवटचे दोनच उरले' अशी खोटी घाई लावणं हा दुसरा. अकरा जणांच्या मोठ्या बिलात एकोणचाळीस रुपये कोणाच्या नजरेत भरत नाहीत, म्हणून जास्तच डोळ्यांत तेल घालून बघा.

झालं की कार्टचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका, पत्ता आणि कार्डाचा भाग कापून. प्रत्येकाने आपली वस्तू बघून 'ठीक' लिहायचं. अंगठ्याचं चित्र मी धरत नाही, न वाचताही ते टाकलं जातं. यासाठी एक रात्र पुरे, त्याहून जास्त थांबू नका. कार्टमध्ये टाकली म्हणजे वस्तू तुमच्यासाठी राखून ठेवली असं होत नाही. ती संपू शकते, भावही बदलू शकतो.

पायरी ६: आधी काँट्री, मग ऑर्डर

ऑर्डर देऊन मग पैसे मागायचे नाहीत. हिशेब बघणाऱ्याने प्रत्येकाला आकडा सांगायचा, पैसे जमले की खरेदीदाराने ऑर्डर द्यायची.

कूपन आणि वरचा खर्च कसा वाटायचा ते उदाहरणाने सांगते. समजा अकरा जणांचं कार्ट ९,६०० रुपयांचं आहे. त्यात ५,२०० रुपयांच्या ज्याच्या त्याच्या वस्तू, ४,४०० रुपयांचं सामाईक सामान, म्हणजे माणशी ४००. कूपनने ६०० रुपये सुटले, डिलिव्हरी आणि हाताळणीचे ५५ लागले. सूट खरेदीच्या प्रमाणात वाटा: ९,६०० वर ६००, म्हणजे शंभराला सव्वासहा रुपये. डिलिव्हरी सारखी वाटा, माणशी ५. ज्याने ८०० रुपयांच्या स्वतःच्या वस्तू घेतल्या त्याचे ८०० आणि ४०० मिळून १,२००, त्यातून सूट ७५ वजा, वर ५, एकूण १,१३०. ज्याने स्वतःसाठी काहीच घेतलं नाही त्याचे ४०० वजा २५ अधिक ५, म्हणजे ३८०. सगळ्यांची बेरीज ९,०५५ आली पाहिजे. ती आली की ग्रुपवर टाका.

कोणाच्या कार्डावर जादा सूट मिळत असेल तर ते कार्ड वापरा, पण कार्डवाल्याला पूर्ण रक्कम आधी मिळू द्या. पॉइंट त्याला मिळाले तर मिळू देत, रक्कम अडकवण्याची जोखीमही त्याचीच असते.

नवख्यांसाठी एक पक्की खूणगाठ: यूपीआय पिन पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. 'काँट्री परत पाठवतोय, पिन टाक' असा निरोप मित्राच्या नावाने आला तरी आधी फोन करून त्याचा आवाज ऐका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

पेमेंट अडकलं, म्हणजे खात्यातून रक्कम गेली आणि ऑर्डर लागलीच नाही, तर घाबरून दुसऱ्याच्या फोनवरून लगेच परत भरू नका. आधी अर्धा तास थांबून ऑर्डरचं पान बघा, नाहीतर दोन ऑर्डरी लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानाला केलेलं असं अडकलेलं यूपीआय पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवं. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

पायरी ७: पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा

ही पायरी मी चुकवली होती. एका वर्षी अकरा हेडटॉर्च बारा दिवस आधीच आल्या. खोका छान बांधलेला होता, निघायच्या रात्री सगळ्यांसमोर उघडू म्हणून मी तो कपाटावर ठेवला. रात्री उघडला तर तीन टॉर्च लागेनात. सेल बदलले, चार्जर बदलले, काही नाही. परत करायची मुदत सात दिवसांची, ती कधीच उलटून गेली होती, विक्रेत्याने हात वर केले. दुसऱ्या दिवशी कोकणकड्यावरून सूर्यास्त बघून गुहेकडे परतताना तिघं मोबाइलच्या उजेडात चालले. एकीचा फोन वाटेतच बंद पडला. पुढच्याच्या पायाखालचा दगड निसटल्याचा आवाज आला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. तिचा हात धरून आणलं तेव्हा तो हात गार पडला होता. कोणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून पार्सल दारात आलं की मी हातातलं काम ठेवते.

खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याचं लेबल आधी दिसू द्या, मग चिकटपट्टी कापा. वस्तू फुटलेली किंवा कमी निघाली तर हाच पुरावा. दिव्याची वस्तू असेल तर लावून बघा आणि रात्रभर चार्ज करून दुसऱ्या दिवशी परत बघा. कपड्यावरचा टॅग, ज्याचा कपडा आहे त्याने घालून बघेपर्यंत काढू नका. मग वाटणी: जुन्या वर्तमानपत्राचा कागद, त्यावर मार्करने नाव, ज्याच्या त्याच्या वस्तूंचा एक गठ्ठा. सामाईक सामान एका पिशवीत, त्यात शीटची छापील प्रत. गाडीत चढताना गठ्ठा हातात द्यायचा आणि नावापुढे खूण करायची.

बूट सोडून बाकी सगळ्यासाठी निघण्याच्या दोन आठवडे आधी ऑर्डर लावा. परत करून नवीन मागवायला तेवढे दिवस लागतात. केळी, ब्रेड असलं नाशवंत मात्र आदल्या संध्याकाळी.

परत करायचं झालं तर

पैसे ज्या खात्यातून गेले तिथेच परत येतात, म्हणजे खरेदीदाराकडे. तिथून ते ज्याचे त्याला पोचवण्याचं काम हिशेबवाल्याचं. वरच्या उदाहरणात ८०० ची वस्तू परत केली तर ८०० येणार नाहीत, कूपनचा वाटा कापून ७५० येतील. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे पन्नास रुपयांवरून गैरसमज होत नाही.

बिल एकाच्याच नावाने निघतं. पॉवर बँकेसारख्या हमी असलेल्या वस्तूचं बिल ज्याची वस्तू त्याला लगेच पाठवा, वर्षभराने ते शोधत बसायला लागू नये.

कंपनी दाद देत नसेल तर अ‍ॅपमध्येच तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची असते. तेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार खरेदीदाराच्याच नंबरवरून करा, ऑर्डर त्याच्या नावावर आहे.

परत आल्यावर शीटमध्ये एक रकाना वाढवा: 'सध्या कोणाकडे'. तंबू वाळवून, घडी घालून ज्याच्या घरी ठेवला त्याचं नाव आणि तारीख लिहा. पातेलं घासून दिलं का, दोरी किती उरली, तेही लिहा. आमचा तंबू आत्ता धायरीत आहे, ताडपत्री वारज्यात. स्टोव्ह माझ्याकडे आहे, त्याची नळी बदलायची आहे.